मेजावरची विमाने

(जेसल पार्क, भाईंदर पूर्व येथील एका गृहसंकुलाच्या सभागृहात विजय दिवसानिमित्त लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले होते. त्या वेळी झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



सभागृहात येताना दारातच मांडलेली चार लांब मेजे आपण पाहिली असतील. त्यांवर एकूण एकतीस विमाने आहेत. मी मोजली, कारण मी लवकर आलो होतो आणि ध्वनिक्षेपक लागायचा होता. याच आवारात दिवाळीत मुलांनी किल्ला बांधला होता. माती, विटा, गोणपाट, वर पेरलेले अळीव आणि तटावर मावळे. या वर्षी मुलांनी वसईचा किल्ला केला, हे मला विशेष आवडले. आपल्या खाडीच्या पैलतीरावरची वसई चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतली, आणि जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहून ज्या दिशेला आपण सूर्यास्त पाहतो तिकडेच तो रणसंग्राम झाला, हे त्या मुलांना आता कोणी शिकवावे लागणार नाही. कारण त्यांनी तो तट स्वतःच्या हातांनी लिंपला आहे. बुरूज कोसळला की पुन्हा लिंपला आहे.

हे आरंभी सांगण्याचे कारण असे की, ‘मॉडेल जमविणे’ म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो परदेशी आणि खर्चिक छंद समजला जातो. छंद खर्चिक आहे खरा. परंतु लहान आकारात मोठी वस्तू घडवून ती समजून घेणे आपल्याला परके नाही. दिवाळीचा किल्ला दुसरे काय असतो?

मी पत्रकार आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. विमानाच्या इंजिनाशी माझा संबंध प्रवाशापुरता. मला या विषयाकडे ओढून आणले ते याच वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. ते आज समोर बसले आहेत. नाव घेऊ नये अशी त्यांची अट आहे, म्हणून मी त्यांना नुसते काका म्हणेन. काका वायुसेनेत तंत्रज्ञ होते. मिग-२१ विमानांच्या सांगाड्याची देखभाल त्यांच्याकडे होती. सेवानिवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना लाकडी बैठकीवर बसविलेली मिग-२१ ची एक प्रतिकृती दिली. पंधरा वर्षे ती त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मी प्रथम पाहिली तेव्हा तिच्या शेपटीवरचा क्रमांक खरवडून काढलेला होता आणि त्याजागी अतिशय बारीक कुंचल्याने दुसरा क्रमांक लिहिलेला होता.

मी विचारले, “काका, हे का केलेत?”

ते म्हणाले, “पहिला क्रमांक कुठल्याच विमानाचा नव्हता. ज्याने मॉडेल बनवले त्याने मनाने टाकला होता. मी खोट्या विमानाची सेवा केलेली नाही.”

आणि दुसरा? त्याचे उत्तर मिळायला मला दोन वर्षे लागली. ते मी पुढे सांगेन.

आधी या खेळण्यांचा, म्हणजे ज्यांना आपण खेळणी समजतो त्यांचा, थोडा इतिहास. मेजावरची बहुतेक विमाने बहात्तरास एक या प्रमाणात आहेत. खऱ्या विमानाचे बहात्तर फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक फूट. हे विचित्र प्रमाण इंग्रजी मापांतून आले. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे उभा माणूस एक इंचाचा. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात या मापाची लाकडी विमाने मुले जुळवीत असत. पुढे महायुद्ध पेटले आणि या छंदाला अचानक लष्करी काम मिळाले. आकाशात ठिपका दिसला की तो आपला की शत्रूचा, हे तोफेवरच्या सैनिकाला क्षणात ठरवावे लागे. चूक झाली तर आपलेच विमान पडे. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये देशातल्या शाळकरी मुलांना आवाहन केले की आम्हाला पाच लाख विमाने करून द्या. आराखडे शाळाशाळांतून गेले. मुलांनी लाकूड तासून, घासून विमाने केली, काळी रंगविली. काळी अशासाठी की आकाशात रंग दिसत नाही, फक्त आकृती दिसते. जी विमाने मापात उतरत तीच स्वीकारली जात, आणि करणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र मिळे. बहात्तरास एक या प्रमाणाचे विमान दहा मीटरवर धरले, तर ते सातशेवीस मीटर अंतरावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. सैनिकाच्या डोळ्यांचा अभ्यास वर्गातच होई.

यातला एक शब्द मला महत्त्वाचा वाटतो: मापात. पंखाचा कोन चुकलेले विमान त्या काळी निरुपयोगी नव्हे, घातक होते.

युद्धानंतर प्लास्टिक आले, एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी सुटे भाग पेटीत घालून विकायला सुरुवात केली आणि हा छंद जगभर गेला. फिलिपिन्समध्ये अमेरिकेच्या क्लार्क विमानतळाभोवतीच्या सुतारांनी वैमानिकांसाठी महोगनीच्या प्रतिकृती कोरून आपला एक धंदाच उभा केला. आता जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली, रंगवून तयार असलेली विमाने मिळतात. पैसे द्या, पेटी उघडा, मेजावर ठेवा. त्यांना मी नावे ठेवणार नाही, समोरच्या एकतीसपैकी निम्मी तशीच आहेत. हाँगकाँगच्या हॉबी मास्टरने भारतीय वायुसेनेच्या रंगातले सुखोई काढले तेव्हा आपल्याकडच्या संग्राहकांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

परंतु आता आपण दुसऱ्या मेजाकडे वळू. तिथे अगदी डाव्या कोपऱ्यात एक चिमुकले विमान आहे. लांबी बारा सेंटिमीटर, पंखांची रुंदी साडेनऊ सेंटिमीटरांहूनही किंचित कमी. तळहातावर मावते. ते नॅट. खरे विमानसुद्धा लहानच होते, जेमतेम पावणेनऊ मीटर लांब. ब्रिटनच्या फॉलंड कंपनीने ते घडविले, डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या अभियंत्याने आखले. गंमत अशी की ब्रिटनच्या वायुदलाने लढाऊ नॅट स्वतःच्या सेवेत कधी घेतलेच नाही. त्यांनी घेतली ती दोन आसनांची प्रशिक्षणाची आवृत्ती, आणि १९६५ पासून ‘रेड ॲरोज’ या कसरतींच्या पथकाने ती लालभडक रंगवून जगभर मिरविली. एकआसनी लढाऊ नॅट मोठ्या संख्येने वापरले आणि प्रत्यक्ष युद्धात झुंजविले ते भारताने. ते बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनलेही.

परिणाम काय झाला? वर्षानुवर्षे दुकानात नॅट मागितले की पेटीत निघे ते लाल, दोन आसनांचे, कसरतीचे विमान. जगाच्या मेजावर नॅट म्हणजे लाल नॅट.

आणि आपल्या दृष्टीने नॅट म्हणजे काय? १४ डिसेंबर १९७१. श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बाँब पडत असतानाच अठराव्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपले नॅट आकाशात चढविले. धुरळ्यात आणि धुक्यात साथीदाराशी त्यांची चुकामूक झाली आणि ते एकटेच झुंजत राहिले. त्यांचे विमान कोसळले. अवशेष सापडले, देह सापडला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वायुसेनेच्या वाट्याला आलेले ते आजवरचे एकमेव परमवीर चक्र आहे. त्यांची अठरावी स्क्वाड्रन २०२० मध्ये तेजस विमाने घेऊन पुन्हा उभी राहिली.

तर दुसऱ्या मेजावरचे ते नॅट एकआसनी आहे, आणि ते पेटीतून निघालेले नाही. काकांनी दोन आसनांच्या पेटीतल्या विमानाचे पाठीवरचे आसन कापून काढले, पातळ पत्रा आणि लांबी भरून पाठ नव्याने घडविली, पंख कमी केले. लढाऊ नॅटचा पंख प्रशिक्षणाच्या नॅटपेक्षा आखूड होता, हे मला त्यांच्याकडूनच कळले. मग त्यावर तिरंगी वर्तुळ काढले. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे. आपण म्हणाल, यात सांगण्यासारखे काय? काही वर्षांपूर्वी मी पुतण्यासाठी एका मोठ्या दुकानातून ‘तेजस’ आणले होते. घरी येऊन पाहतो तो वर्तुळ उलटे, बाहेर हिरवे आणि आत केशरी. परत करायला गेलो. विक्रेता म्हणाला, “साहेब, कोण बघतंय एवढं?” मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर मी काकांकडे जास्त जाऊ लागलो.

तिसऱ्या मेजावर मारुत आहे. येथे किती जणांनी खरे मारुत पाहिले आहे? हात वर करा. सहा-सात. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात ते उभे आहे, पुण्याच्या कमला नेहरू उद्यानातही एक आहे. शाळेच्या सहलीत आपण त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढतो आणि फलक न वाचता पुढे जातो. मीही गेलो होतो.

मारुत हे भारतात आखले गेलेले पहिले जेट लढाऊ विमान. महायुद्धात जर्मनीची नामांकित लढाऊ विमाने घडविणारे अभियंते कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांच्याबरोबर आपले तरुण अभियंते कामाला लागले. आजच्या विषयाशी थेट जुळणारी एक गोष्ट मला या कथेत सापडली. मारुतचे पहिले रूप धातूचे नव्हते, लाकडाचे होते. खऱ्या विमानाच्या पूर्ण आकाराचे, इंजिन नसलेले, दोन आसनांचे लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये तयार झाले. डाकोटा विमान ते ओढून वर नेई आणि सुरंजन दास त्याला तरंगवीत खाली आणीत. म्हणजे मारुतही आधी एक प्रतिकृतीच होती, फक्त एकास एक या प्रमाणातली! त्या लाकडी पक्ष्याने आकृतीचे गुणदोष दाखवून दिले आणि १७ जून १९६१ रोजी दास यांनीच खरे मारुत उडविले.

पुढची कथा तितकी सुखाची नाही. ज्या शक्तिमान इंजिनासाठी हे विमान आखले होते ते ब्रिटनने अर्ध्यावर सोडले, त्याच्या विकासाचा खर्च आपण उचलला नाही, आणि मारुतला कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर आयुष्य काढावे लागले. आकृती ध्वनीच्या वेगापलीकडे जाणारी, बळ मात्र अपुरे. एकूण १४७ मारुत बनली. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरी केली. सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी बंगळूरला मारुतच्याच एका सुधारित आवृत्तीचे उड्डाण करताना मृत्युमुखी पडले. १९९० पर्यंत मारुत सेवेतून गेले. तिसऱ्या मेजावरची ती कंबर बारीक झालेली देखणी आकृती पाहताना हे सारे आठवले तर पाहावे. आपण पुष्कळदा आकृती घडवितो आणि इंजिनाच्या वेळी हात आखडतो. तो विषय निराळ्या व्याख्यानाचा आहे.

आता चौथे मेज. मिग-२१. हे विमान खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचे म्हणावे लागेल, कारण नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. द्राक्षमळ्यांच्या त्या परिसरातल्या कित्येक मराठी घरांत सकाळच्या पाळीचा डबा भरला जाई तो मिगसाठी. भारतात साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बनली. पुढे तिथेच मिग-२७ झाली, दोनशेहून अधिक सुखोई-३० झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ ए ने उड्डाण केले. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ पासून बासष्ट वर्षांची सेवा. सेखों श्रीनगरवर झुंजले त्याच दिवशी, १४ डिसेंबर १९७१ ला, मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटे डागली. आत बैठक चालली होती. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तेथेच राजीनामा लिहून दिला, आणि दोन दिवसांनी तो दिवस उजाडला ज्यासाठी आज आपण जमलो आहोत.

हा गौरव आहे आणि तो खरा आहे. पण काकांच्या घरी बसून मिगचा फक्त गौरव ऐकता येत नाही.

आपण ती प्रतिकृती हातात घ्या आणि पंख पाहा. त्रिकोणी, पातळ, आखूड. बहात्तरास एक या प्रमाणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. असे पंख प्रचंड वेगासाठी असतात. वेग कमी झाला की त्यांचा आधार झपाट्याने कमी होतो, म्हणून मिग-२१ धावपट्टीवर उतरे तेव्हाही त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असे. माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही हे पंख हातात धरल्यावर समजले. संथ विमानांवर शिकलेला विशी-बाविशीतला तरुण अधले पाऊल न टाकता थेट या विमानावर बसे. मधल्या टप्प्याचे आधुनिक जेट प्रशिक्षण विमान आपल्याकडे यायला २००८ उजाडले. तोवर वर्षांमागून वर्षे गेली होती आणि घरोघरी तिरंग्यात लपेटलेले देह आले होते.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकाचा, हे म्हणणे त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी मान्य केले नाही. पतीसह त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि लढाऊ विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढे मांडला. त्या वेळी काही लोकांना ते अप्रशस्त वाटले. सैन्याबद्दल असे प्रश्न विचारू नयेत, असे आपल्यापैकीच काहींचे मत होते. माझेही मत काहीसे तसेच होते आणि मी तसे लिहिलेही होते, हे आज येथे सांगून टाकतो. ज्या मातेने मुलगा वायुसेनेला दिला तिला देशप्रेम शिकविणारा मी कोण, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

आता काकांच्या त्या दुसऱ्या क्रमांकाकडे येतो. हे सांगण्याची परवानगी त्यांनी काल रात्री दिली.

उड्डाणापूर्वी प्रत्येक विमानाची तपासणी होते आणि फॉर्म ७०० या नोंदवहीत तंत्रज्ञ सही करतो. हे विमान उडण्यास योग्य आहे, असा त्या सहीचा अर्थ. त्याखाली वैमानिक सही करतो, म्हणजे तो तंत्रज्ञाच्या शब्दावर विसंबून विमान ताब्यात घेतो. एका सकाळी काकांनी सही केली, एका तरुण अधिकाऱ्याने त्याखाली सही केली, हसून काहीतरी म्हणाला, शिडी चढला. ते विमान परत आले नाही. चौकशी झाली. काकांच्या कामात काहीही उणे आढळले नाही. त्यांना दुसऱ्या विमानावर नेमण्यात आले आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे हजारो सह्या केल्या.

मेजावरच्या प्रतिकृतीच्या शेपटीवर त्यांनी लिहिलेला क्रमांक त्या विमानाचा आहे. तो मी सांगणार नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी चौथ्या मेजाजवळ जाऊन पाहावा. अक्षरे दोन मिलिमीटरांहून मोठी नाहीत, चष्मा लागेल.

मी त्यांना विचारले होते की, रोज डोळ्यांसमोर हा क्रमांक कसा सहन होतो? ते म्हणाले, “खोटा क्रमांक सहन होत नव्हता.”

बंधुभगिनींनो, माझा आग्रह त्या एका मुद्द्याचा आहे. विमाने मेजावर ठेवा, मुलांना जरूर घेऊन द्या, परंतु ती कोणाची आहेत हे ठाऊक असू द्या. कोणत्या स्क्वाड्रनचे, कोणत्या सालचे, कोठे बनलेले, कोणी उडविलेले, शेवटी त्याचे काय झाले. मापात असू द्या. वर्तुळ उलटे असेल तर दुकानदाराला परत द्या, तो हसला तरी द्या. पुढच्या वेळी तो माल घेताना पाहील.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. आपले भाईंदर स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. येथून दहा मिनिटांच्या अंतरावर ओळीने गाळे आहेत, त्यांत साचे करणारी, पत्रा दाबणारी, प्लास्टिक ओतणारी माणसे आहेत. त्यांतले दोघे-तिघे आज येथे आले आहेत असे मला सांगण्यात आले. त्यांच्यापैकी एकाने मघाशी ते हाँगकाँगचे सुखोई उलटे करून पोटाखालचा सांधा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “साचा अवघड नाही, फिनिशिंग अवघड आहे.” त्यांचे म्हणणे मला पटले. साच्याचा खर्च मोठा असतो आणि दोनशे-चारशे नगांत तो निघत नाही, हेही त्यांनीच सांगितले. मग मारुत कोण काढणार? परदेशी कंपनीला मारुतचे प्रेम असण्याचे कारण नाही. ज्याला आहे त्याला हिशेब जुळवावा लागेल. त्या गृहस्थांचा आणि काकांचा परिचय मी करून दिला आहे. पुढे काय होते ते पाहू.

शेवटी एक सूचना, कार्यवाहांनी आठवण केली म्हणून. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, ऊन चढण्याच्या आत, खालच्या आवारात काका मुलांकडून खडूने एक नॅट काढून घेणार आहेत. खऱ्या आकाराचे, लांबी ८.७४ मीटर, पंख ६.७३ मीटर. त्यानंतर त्याच आराखड्यावरून मुले पुठ्ठ्याचे, बहात्तरास एक प्रमाणातले नॅट करतील. मोजपट्टी, कात्री आणि पेन्सिल प्रत्येकाने आपापली आणायची आहे, खडू समिती देईल. ब विंगच्या खाली उभ्या असलेल्या दोन मोटारी मात्र शनिवारी रात्रीच हलवाव्या लागतील, कारण उजवा पंख नेमका तेथे येतो आहे.